जोडातली हवा

खाजामियाँ पखालीशी हवेवरून वाद घालू नये, हे उस्मानाबादेत ज्याला त्याला ठाऊक होतं. तरी एखादा दीडशहाणा घालायचाच. हॉटेलच्या बाकड्यावर चहा पिता पिता कुणी सहज बोलून जायचं, "हवेचं काय, ती कुठनंबी निसटती." झालं! खाजामियाँ बशी खाली ठेवायचा, मिशीवरनं हात फिरवायचा आणि म्हणायचा, "कुठनं निसटती? माझ्या जोडातनं निसटून दाखव म्हनावं तिला. आक्ख्या जिल्ह्यात कुठल्याबी हिरीवर जा आन् इचार." मग तासभर सुटका नाही. गडी बढाईखोर होता, यात शंकाच नको. पण बढाई मारण्याजोगं काम त्याच्या हातात होतं, हेही तितकंच खरं.

काम होतं कंप्रेसरच्या नळ्यांचं. विहिरीत काळा खडक लागला की घण आणि पहार हात टेकतात. मग चाकांवरचं ते अवजड यंत्र आणायचं. ते वर काठावर धडधडत हवा कोंडायचं, ती हवा जाड रबरी नळ्यांतून तळाशी जायची आणि तिच्या जोरावर ड्रिल खडकात भोकं पाडायचं. भोकात दारू ठासायची आणि सुरुंग उडवायचा. नळ्या एकीला एक जोडलेल्या, प्रत्येक जोडाला पितळी तोंडं आणि मध्ये रबरी वायसर. त्या जोडांतून हवा गळू द्यायची नाही, ही खाजामियाँची चाकरी. जोड गळका असला तर वर इंजिन कितीही बोंबलू दे, खाली ड्रिल नुसतं खडक खाजवत बसतं.

हे आपल्याला कुणी शिकवलं नाही, असं तो छाती ठोकून सांगायचा. साफ खोटं! बापानंच शिकवलं होतं. फक्त बापाच्या हातात हवा नव्हती, पाणी होतं. बाप पखाली. निजामाच्या अमलात हेल्याच्या, म्हणजे रेड्याच्या, पाठीवर कातड्याची पखाल टाकून कचेऱ्यांत आणि मोठ्या घरांत पाणी भरायचा. पखाल शिवणं, तिला चरबी चोळणं, गळकी शिवण हुडकणं हे सगळं पोराकडनं करून घ्यायचा. खांद्यावरची लहान मशक तोंडानं फुगवायची आणि ओला गाल शिवणीवरून फिरवायचा. जिथं गार लागेल तिथं सुई घालायची. पुढं निजाम गेला, मुलूख हिंदुस्थानात आला, कचेऱ्यांवर तिरंगा चढला आणि काही वर्षांनी गल्लीबोळांत नळ आले. बापाचा हेला विकला गेला आणि बापानंही त्यानंतर फार दिवस काढले नाहीत.

खाजामियाँ सायकलींची पंक्चरं काढू लागला. आण्णासाहेब नावाच्या कंत्राटदारानं विहिरींच्या कामासाठी कंप्रेसर आणला आणि पहिल्याच विहिरीवर त्याच्या नळ्या फुसफुसायला लागल्या. ही बातमी कानावर पडताच खाजामियाँ त्याच्या दारात जाऊन उभा राहिला. "पाणी गळलं तर लेकरालाबी दिसतं, साहेब. हवा गळलेली मला कळती. ठेवून बघा." आण्णासाहेबांनी ठेवून बघितलं आणि पुन्हा कधी सोडलं नाही.

जमिला ही त्याची एकुलती एक लेक. महाराष्ट्र राज्य झाल्यावर एक-दोन वर्षांनी भूमच्या पलीकडं पाथरूडच्या वाटेवरच्या एका वाडीत ती दिली होती. सासरे बाबामियाँ शेतकरी, नवरा आयुब कष्टाळू आणि अबोल. लग्नात पोरीनं आजोबाची जुनी मशक मागून घेतली. "भांडी न्यायची सोडून कातडं नेतीस व्हय गं?" म्हणून हमिदाबीनं, तिच्या आईनं, कपाळाला हात लावला. बापाला मात्र पोरीचं ते मागणं फार आवडलं. आल्यागेल्याला तो ते सांगत सुटला.

बाबामियाँची विहीर सामाईक होती, अर्धा वाटा शेजारच्या सारजाबाईचा. सारजाबाई म्हणजे विधवा बाई, पण शेत असं राखायची की चार बाप्यांनी बघत राहावं. जीभ मात्र विळ्यासारखी. जमिला माघात नांदायला आली आणि त्याच वैशाखात विहिरीचा झरा आटला. सारजाबाई काठावर उभी राहून म्हणाली, "नवरी आली आन् झरा गेला. काय म्हनावं ह्या पायगुनाला!" एवढं पुरलं. वाडीत ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. दुसऱ्या उन्हाळ्यात विहीर होळीआधीच कोरडी पडली, तेव्हा तर बायका जमिलाला बघून घागर दुसऱ्या काखेला घेऊ लागल्या. पोरीनं माहेरी यातलं अवाक्षर कळवलं नाही.

कळवलं बाबामियाँनी. खाजामियाँ लेकीला भेटायला गेला तेव्हा व्याही त्याला बांधावर घेऊन गेले. माणूस वाईट नव्हता, पण वाडीच्या तोंडापुढं वाकला होता. खाली बघत म्हणाले, "खाजाभाई, ह्या उन्हाळ्यातबी पानी न्हाय लागलं तर... जमिलाला थोडे दिस तुमच्याकडं न्या."

थोडे दिस! या दोन शब्दांचा अर्थ खाजामियाँला कुणी फोडून सांगायची गरज नव्हती. अशा थोड्या दिसांसाठी माहेरी आलेल्या आणि तिथंच केस पिकलेल्या बायका त्यानं गल्लीत बघितल्या होत्या. त्याच्या अंगाची लाही लाही झाली. पण लेकीच्या सासऱ्यावर आवाज चढवणार कसा? मग त्यानं त्याला येत होतं तेच केलं, बढाई मारली. "मशीन घेऊन येतो! माझ्या नळ्या लावून खडक फोडतो. पानी न्हाय लागलं तर पोरीला म्या सोता घेऊन जाईन, आन् ह्या वाडीत मिशी उतरवून जाईन. बोला!"

आयुब मागं येऊन उभा राहिला होता. त्यानं सासऱ्याच्या धोतराला लागलेलं कुसळ काढलं आणि हळूच म्हणाला, "लवकर या."

आण्णासाहेब चांगला माणूस. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ढोकीकडच्या मळ्यात विहीर ठरलीय, तिकडं जायच्या आधी मशीन तुझ्या व्याह्याकडं ने. पण भूमच्या बाजारादिवशी सकाळी मशीन तिथनं हललं पाहिजे. त्यात खाडा नको." मधे मोजकेच दिवस होते. पण खाजामियाँला त्याची फिकीर कुठली! माझ्या जोडाची हवा पूर्ण लागली तर दोन सुरुंगांत काम, असं तो वाटभर ड्रायव्हर रेवणसिद्धाला सांगत राहिला. रेवणसिद्ध हा लिंगायताचा तरणा पोरगा, तोच कंप्रेसर चालवायचा आणि ड्रिलही धरायचा. तो नुसता "व्हय चाचा" म्हणत होता.

शेवटच्या चढावर बैलं जुंपून मशीन वाडीत ओढून आणलं. काय तो थाट! पोरंसोरं पुढं, बाया कुडाच्या आडून. आणि सारजाबाई स्वतः हातात ताट घेऊन वाटेवर उभी. तिच्या दारात नवं जनावर आलं की तेल-पाणी झाल्याशिवाय आत जात नसे. मग हे एवढं मोठं यंत्र तसंच कसं जाईल? तिनं चाकांवर पाणी घातलं, हळदकुंकू लावलं. जीभ कशीही असो, हात सढळ होता. नळ्या बघून तिनं विचारलं, "आन् ही रं काय, पितळी?"

"सांधं हायत ते, काकी," रेवणसिद्ध म्हणाला.

"अगं बाई! मग एवढं काम करायचं म्हंजी सांधं दुखतील की बिचाऱ्याचं!" असं म्हणून तिनं घरच्या घाण्याचं करडईचं तेल प्रत्येक सांध्यावर चोळलं, लेकराच्या गुडघ्याला चोळावं तसं. खाजामियाँ गळ्यात हार घालून उभा होता. त्यानं ते सगळं डोळ्यांनी बघितलं. पण आपल्या जोडांची पूजा होतेय, एवढंच त्याच्या डोक्यात शिरलं आणि मान ताठ झाली. वर सारजाबाई रोज पहाटे येऊ लागली. काम थांबलं की नळ्या सोडून लिंबाच्या फांदीवर टांगलेल्या असायच्या, तोंडं उघडी. ती वाटीभर तेल घेऊन यायची आणि एकेका तोंडात बोटानं फिरवायची. रेवणसिद्धानं एकदा तोंड उघडलं तर खाजामियाँनंच त्याला गप्प केलं. "मान देयाल्यात बाई. घेऊ की!"

पहिल्या दिवशी ड्रिल खडकात असं घुसलं की खाजामियाँ वरून आरोळ्या ठोकत होता. दुसऱ्या दिवशी त्याचा जोर ओसरला. तिसऱ्या दिवशी तर ड्रिलची पहार खडकावर नुसती नाचायला लागली, भोक काही खोल जाईना. रेवणसिद्ध घामाघूम होऊन वर आला. "चाचा, हवा पुरेना. नळ्या बघा की एकदा."

आता खरं तर बघायला हवं होतं. पण नाही! "माझ्या नळ्या? अरे, तुझं इंजिन बघ! फिल्टर बघ! माझ्या जोडातनं फुंकरबी जात न्हाय." इंजिनाच्या त्या धडधडाटात फुसफुस ऐकू येणं अशक्यच होतं. बिचाऱ्या रेवणसिद्धानं सबंध दुपार इंजिन खोललं, पुसलं, पुन्हा बसवलं. त्यात काही निघालं नाही. दिवस फुकट गेला आणि बाजार आला परवावर. काठावर बसलेल्या म्हाताऱ्यांच्या माना हलायला लागल्या. "खडकच तसा हाय," एक म्हणाला. "खडक कशाला? पायगुनच तसा," दुसरा म्हणाला, तोही खाजामियाँला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. पण तोंडानं काही कबूल करेल तो खाजामियाँ कसला!

दुसऱ्या दिवशी, म्हणजे बाजाराच्या आदल्या दिवशी, ऊन डोक्यावर यायच्या आत जमिला भाकऱ्या घेऊन विहिरीवर आली. अनवाणीच. जमिनीवर पसरलेल्या नळ्या ओलांडताना ती मधेच थांबली. एक पाय उचललेला तसाच, आणि मान वाकडी.

"अब्बा, पायाला वारं लागायलंय."

"उन्हाळ्याचं वारं हाय, लागनारच."

"वरनं न्हाय. खालनं. ह्या जोडातनं."

"काय बी बोलू नको!" तो वस्सकन अंगावर आला. इतरांदेखत लेकीनंच आपल्या जोडाला नाव ठेवावं? पण जमिला जागची हलली नाही. ती पखाल्याची नात होती. लहानपणी बापाच्या मांडीला टेकून तिनं मशकीच्या शिवणी गालानं तपासल्या होत्या, आणि अंगाला लागलेला गारवा खोटं सांगत नाही, हे बापानंच तिच्या डोक्यात भरवलं होतं. तिनं भाकरीची टोपली खाली ठेवली, घरी पळाली आणि रिठ्याचा फेस करून वाडगं घेऊन आली. काही न बोलता तिनं ते बापापुढं धरलं.

खाजामियाँनं फेस जोडावर चोळला. पुरीएवढा बुडबुडा फुगला आणि फटकन फुटला. दुसऱ्या जोडावर चोळला, तिथं तर बुडबुड्यांचा घोसच. तिसऱ्यावर, चौथ्यावर तेच! ज्या जोडांच्या नावानं आयुष्यभर मिरवलं, ते सगळेच्या सगळे त्याच्या नाकासमोर हवा सोडत होते, आणि त्यानं ड्रायव्हरला एक अख्खा दिवस इंजिन खोलायला लावलं होतं.

इंजिन बंद करायला लावून त्यानं पहिला जोड सोडवला. रबरी वायसर फुगून, भिजल्या पापडासारखा मऊ पडून हातात आला. त्यानं तो नाकाला लावला. करडईचं तेल! रबराला तेल म्हणजे विष, हे का त्याला ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. सायकलच्या ट्यूबला तेलाचं बोट लावणाऱ्या गिऱ्हाइकाला त्यानं एकेकाळी शिव्या घातल्या होत्या. आणि इथं स्वतः हार घालून मान घेत उभा राहिला.

पण राग आला तो सारजाबाईचाच. माणसाचा राग असा आपल्याला सोडून दुसऱ्याकडं लवकर धावतो. सारजाबाई समोरच बसली होती, म्हाताऱ्यांच्या ओळीत. पायगुण म्हणे! माझ्या पोरीला दोन उन्हाळे जाळलं, आता सांगतोच चारचौघांत की झरा कुणाच्या हातानं अडलाय. तो वायसर हातात धरून उठला, तोंड उघडलं.

जमिलानं त्याच्या मनगटाला धरलं. फार हळू म्हणाली, "अब्बा, तुमी उद्या जानार. मला काकीच्या शेजारी राहायचं हाय."

त्यानं तोंड मिटलं. खाजामियाँला ओळखणाऱ्यांनी तो क्षण बघितला असता तर त्यांचा विश्वास बसला नसता. आलेला शब्द त्यानं आवंढ्यासारखा गिळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वायसर खराब झालेत. चूक माझी. आदीच बघाया पायजे व्हतं." मग रेवणसिद्धाकडं वळून म्हणाला, "इंजिन चांगलं हाय तुझं. माफ कर, बाबा."

चूक कबूल केली तरी खडक कुठं फुटतो? नवे वायसर आणायचे तर बार्शी गाठायला हवी होती, आणि परत येईस्तोवर बाजार उजाडला असता. खाजामियाँ डोकं धरून बसला होता. तेवढ्यात जमिला घरात जाऊन आली. हातात आजोबाची मशक. चरबी चोळून, पुसून तिनं ती अशी राखली होती की कातडं अजून लवत होतं.

"कापा," ती म्हणाली.

"येडी हायस का? बाबाची निशानी हाय ती."

"दादाजान असते तर त्यांनीच कापली असती. पानी आनायसाठीच हाय ना ती?"

खाजामियाँनं पितळी तोंड कातड्यावर टेकवून वायसर आखले आणि धारदार सुरीनं एकेक कापला. चुलीवर बकऱ्याची चरबी आणि मेण पातळ करून ते त्यात मुरवले, जोडांची तोंडं राखेनं घासून तेलाचा अंशही ठेवला नाही, आणि मग एकेक वायसर अंगठ्यानं दाबून बसवला. जमिला फडकं धरून शेजारी बसली होती. बाप मागायच्या आत ती पुढचं तोंड त्याच्या हातात देत होती. त्या वेळी आपण कुणासाठी, कशासाठी हे करतोय, हे तो विसरून गेला. लेकीचा हात बापाच्या हाताइतकाच सराईत चालतोय, एवढंच त्याला दिसत होतं आणि ऊर भरून येत होता.

इंजिन सुरू झालं. पुन्हा रिठ्याचा फेस. सगळ्या जोडांवर फेस नुसता साईसारखा पसरला, एक बुडबुडा उठला नाही. तळातून रेवणसिद्धाची हाक आली, "चाचा, आता खातंय बघा खडक!" ड्रिलचा आवाजच बदलला होता. दुपार कलायच्या आत भोकं पुरी झाली, दारू ठासली गेली, वाडीनं गुरंढोरं लांब नेली. सुरुंग उडाला तेव्हा खाजामियाँ बांधाआड पालथा पडून डोळे मिटून पुटपुटत होता. त्यात बढाईचा एक शब्दही नव्हता.

धूर निवळल्यावर रेवणसिद्ध खाली उतरला. बाबामियाँ काठाला धरून उभे होते, त्यांचे ओठ पांढरे पडले होते. मग खालून पोरगा ओरडला, "चाचा! वलं हाय! अवो, वाहायलंय!"

वाडी धावली. आयुब तर दोर न धरताच पायऱ्यांवरून उतरला. राडा उपसायला बाप्ये कमी पडले तशा बायाही उतरल्या, आणि त्यांत पदर खोचून जमिला सगळ्यांत पुढं. फुटलेल्या कपारीतून आधी गढूळ आणि मग स्वच्छ पाणी येऊ लागलं. पहिली घागर भरली ती सारजाबाईनं. तिचा तो मानच होता, निम्मी विहीर तिची.

घागर घेऊन ती वर आली आणि आधीच वर आलेल्या जमिलापुढं थेट उभी राहिली. सगळी वाडी बघत होती. सारजाबाई मोठ्यानं म्हणाली, "वायसर नाकाला लावला तवाच म्या वळखलं, पोरी. तेल माझं व्हतं. तुज्या बापानं माझं नाव घेतलं न्हाय. तुज्या पायानं गळती घावली. तुज्याच पायगुनानं पानी आलं. ये, पाय धुती तुझं पैल्या पान्यानं."

बायकांनी "व्हय, व्हय" केलं. दोन उन्हाळ्यांत पहिल्यांदा कुणीतरी जमिलाच्या बाजूनं बोलत होतं. खाजामियाँचे डोळे भरून आले. घे पोरी, घे हा मान, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं.

जमिलानं मात्र पाय मागं घेतले.

"राग मानू नका, काकी. झरा आटला तवा ह्या पायांनी न्हवता आटवला. आज लागला तो बी ह्यांनी न्हाय लावला. पानी खडकाखालीच व्हतं. आज हे खरं धरलं तर तवाचंबी खरं धरावं लागंल, आन् पुढच्या दुष्काळाला परत माझेच पाय."

बाबामियाँनी मान खाली घातली. सारजाबाई घागर कमरेवर घेऊन तशीच उभी. एवढ्या वर्षांत त्या बाईला वाडीत असं कुणी बोललं नव्हतं. मग तिनं विचारलं, "मग धुवू नको म्हनतीस?"

जमिलानं आपल्या पायांकडं बघितलं. गुडघ्यापर्यंत राड होती. "धुवा की," ती म्हणाली. "चिखलानं भरल्यात, म्हनून धुवा."

सारजाबाई आधी बघतच राहिली आणि मग अशी हसली की घागरीतलं पाणी हिंदकळलं. हसता हसता ती वाकली आणि पाणी ओतू लागली, आणि जमिला एका पायानं दुसरा पाय घाशीत उभी राहिली.

खाजामियाँनं शेजारी उभ्या असलेल्या रेवणसिद्धाला कोपरानं ढोसलं.

"माझी लेक हाय ती."

"ठाऊक हाय की, चाचा."

"तरी सांगायलाव," खाजामियाँ म्हणाला.